‘आम्ही सगळे सुखरूप आहोत’: नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्यांची पत्रं आणि त्यात न लिहिलेलं

उंबराचं_झाड

मंडळी, आम्ही मिनियापोलिसला राहतो. मागच्या महिन्यात आयोवातल्या डेकोराला व्हेस्टरहाइम म्युझियम बघायला गेलो होतो. नॉर्वेहून आलेल्या लोकांचं म्युझियम आहे. फुलापानांची नक्षी रंगवलेल्या मोठ्या लाकडी पेट्या ठेवल्यात, त्यांवर मालकाचं नाव आणि साल. अशा एका पेटीत अख्खा संसार भरून माणसं निघाली. मी त्या पेट्यांसमोरून हलेच ना, शेवटी नवरा म्हणाला की बाई, बंद व्हायची वेळ झाली.

घरी आल्यापासून त्यांची पत्रं वाचतेय, इंग्रजीत भाषांतर झालेली. नॉर्वेत त्यांना ‘अमेरिका-पत्रं’च म्हणायचे. १८२५ च्या जुलैत स्टाव्हांगरहून ‘रेस्टोरेशन’ नावाचं छोटंसं गलबत निघालं, ५२ माणसं चढली आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कला ५३ उतरली, कारण वाटेत एक मुलगी जन्मली. तिथून पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर माणसं गेली. १८६५ च्या सुमाराला त्या देशाची लोकसंख्या जेमतेम सतरा लाख होती हे लक्षात घ्या.

खूप पत्रांची सुरुवात एकसारखीच, देवाच्या कृपेने आम्ही सगळे सुखरूप आहोत, तुम्हीही असाल अशी आशा. आणि मग चार ओळी खाली गेलं की कळतं धाकटं मूल गेलंय. मला प्रश्न पडला तो असा, की ही माणसं घरी किती खरं लिहायची? आणि लिहायला हवं होतं का? मी स्वतः दर रविवारी आईशी व्हिडिओ कॉल करते, गेल्या वर्षी माझं एक ऑपरेशन झालं ते तिला अजून सांगितलेलं नाही. म्हणून विचारतेय.

सह्यकडा

धागा आवडला. पण मला वाटतं ही पत्रं म्हणजे त्या काळातली जाहिरातच. एक जण लिहिणार की इथे जमीन फुकट, दूध-मध वाहतंय, आणि अख्खं गाव निघणार. खरं लिहिलं असतं तर आठ लाख गेले असते का?

जुनी_पत्रावळ

@सह्यकडा, अर्धं बरोबर. सगळ्यात गाजलेला पत्रलेखक म्हणजे येर्ट होव्हलान, हार्डांगरचा शेतकरी. १८३१ ला गेला आणि १८३५ साली न्यूयॉर्क राज्यातून लिहिलेल्या त्याच्या पत्राच्या लोकांनी हाताने नकला काढल्या, नकलेवरून नकला, आणि बर्गनच्या आसपास गावोगाव ती वाचली गेली. त्यात होतं काय, तर सरकारी जमीन सव्वा डॉलरला एकर, आणि शेतकऱ्याला कुणापुढे टोपी काढून उभं राहावं लागत नाही. नॉर्वेत लागवडीची जमीन तीन-चार टक्के, बाकी डोंगर. जमीनमालकाची झोपडी वापरायची आणि बदल्यात त्याच्या शेतात राबायचं, असे हजारो हुस्मान म्हणजे आपले कुळवाडी म्हणा हवं तर. अशा माणसाने हे वाचलं तर रात्री झोप कशी लागेल? जाहिरात म्हणा, पण त्याच होव्हलानने गुलामगिरीविरुद्धही लिहिलंय. दक्षिणेत माणसं जनावरासारखी विकतात हे त्याने घरच्यांपासून लपवलं नाही.

आणि उलट बाजूही होतीच की. १८३७ मध्ये बर्गनच्या बिशप नॉयमनने पत्रक काढून लोकांना समजावलं की आपल्याच देशात राहा, इथेच पोट भरेल. बायबलमधलं वचनच दिलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि पेट्या भरल्या.

मु_पो_लांजा

मस्त धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

शेवटचं वाक्य भारी. आमच्या वाडीत पण मास्तर सांगायचे मुंबईला जाऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या टपावर ट्रंका.

गव्हाची_ओंबी

मला शेतीतलं सांगा कुणीतरी. १६० एकर फुकट म्हणतात ते खरं का? आम्ही पाच एकरवाले, आमचे डोळेच पांढरे होतात.

जुनी_पत्रावळ

खरं, पण १८६२ च्या होमस्टेड कायद्यानंतरचं. थोडी फी भरायची, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची, मग नावावर. त्याआधी विकतच घ्यावी लागायची. आणि प्रेअरी म्हणजे झाड नाही, दगड नाही. गवताची मुळं धरून मातीचे चौकोन कापायचे आणि विटांसारखे रचून घर करायचं. पाऊस आला की छत गळायचं आणि पाऊस थांबला तरी आतला चिखल ठिबकत राहायचा.

उंबराचं_झाड

@गव्हाची_ओंबी, तुमच्यासाठी ग्रो स्वेन्सन. हालिंगदालची, १८६२ ला लग्न झाल्याझाल्या नवऱ्याबरोबर निघाली आणि आयोवात एस्थरव्हिलजवळ राहिली. मला सगळ्यात जवळची वाटली ती हीच. ती लिहिते की घरी असताना ऐकलं होतं इथे दूध टिकत नाही, तेव्हा नवल वाटायचं, आता कळलं की खरंच टिकत नाही, उन्हाळा इतका कडक आणि माशा-किडे इतके की चीज करताच येत नाही. डोंगरावरच्या गोठ्यात चीज-लोणी करत वाढलेल्या पोरीला हे लिहिताना काय झालं असेल. लहानपणापासून जे शिकलो ते इथे उपयोगाचं नाही, सगळं पहिल्यापासून शिकायचं.

नवरा यादवी युद्धात सैन्यात गेला, ती पोरं आणि शेत घेऊन मागे. तो परत आला. पण ती १८७८ मध्ये दहाव्या बाळंतपणात गेली, वय ३७.

तिच्या पत्रात नाकतोड्यांचाही त्रास आहे. १८७३ ते १८७७ या काळात टोळधाडींनी मिनेसोटा, आयोवा, डाकोटा सगळा पट्टा खाऊन टाकला होता.

गव्हाची_ओंबी

टोळधाड वाचून अंगावर काटा आला. २०२० च्या मे महिन्यात आमच्या विदर्भात आली होती, अमरावती-वर्धा-नागपूरकडे. आम्ही डबे, ताटं, टायरचा धूर, फटाके, जे हाताला लागेल ते घेऊन रात्रभर शेतात. संत्र्याच्या झाडावर बसली की झाड दिसतच नाही, नुसतं हलतं. आमच्याकडे चार-पाच दिवसांचं होतं ते आणि फवारणीची यंत्रं होती. पाच वर्षं म्हणजे काय हो. आणि पुण्यातल्या भावाने फोन करून विचारलं तर मी काय म्हणालो असेन? ‘हो आली होती, आपल्याकडे फार नाही.’ आमच्याकडे लिंबाचं अख्खं बाग गेलं होतं.

म्हणजे उंबरताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हे आहे.

टपालपेटी

मी टपाल खात्यात ३४ वर्षं काढली, म्हणून राहवत नाही. पत्रात माणूस खरं किती लिहितो ते पत्राला किती खर्च येतो आणि ते कोण कोण वाचणार यावरही असतं. सुरुवातीच्या काळात पैसे बहुतेक वेळा ज्याला पत्र येतं त्याने भरायचे. नॉर्वेतल्या गरीब बापाला पोराचं पत्र सोडवून घ्यायला किती दिवसांची मजुरी गेली असेल. म्हणून कुणी गावाकडे परतणारा दिसला की त्याच्याबरोबर गठ्ठाच द्यायचे. १८७४ मध्ये बर्नला जागतिक टपाल संघटना झाली तेव्हा कुठे देशोदेशींचे दर सरळ झाले. कागद वाया जाऊ नये म्हणून समासात, उलटं, आडवं लिहायचे.

आणि पत्र कुणा एकाचं नसायचंच. चर्चच्या बाहेर, कुणाच्या चुलीपाशी मोठ्याने वाचलं जायचं. आमच्याकडे तरी काय वेगळं होतं? मी नवीन असताना गडहिंग्लजच्या बाजूला एका खेड्यात पोस्टमनच पत्र वाचून दाखवायचा आणि उत्तरही तोच लिहायचा. सासू समोर बसलेली असताना सून नवऱ्याला काय लिहून घेणार? ‘सर्व ठीक आहे’ हेच. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की मात्र पोस्टमनचे पाय जड व्हायचे. दारात हाक मारायच्या आधीच घरच्यांना त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं.

ठिपक्यांची_रांगोळी

टपालपेटी काका, कोपरा फाडलेलं कार्ड! आमची आजी ते घरात ठेवायची नाही, वाचून लगेच फाडायची.

अवांतर: हे सगळे लिहिता-वाचता येणारे होते का? शेतकरी, मजूर, बायका?

जुनी_पत्रावळ

वाचता बहुतेकांना यायचं. नॉर्वेत १७३६ पासून चर्चची कन्फर्मेशन (पोरं मोठी झाली की धर्मश्रद्धेची जाहीर कबुली द्यायचा विधी) सक्तीची होती, त्यासाठी धर्मपाठ यावा लागायचा, आणि १७३९ ला गावोगाव शाळांचा कायदा आला. लिहिणं सगळ्यांना तितकं जमायचं नाही, मग शेजाऱ्याकडून लिहून घ्यायचे. गंमत म्हणजे घरी बोलायचे हालिंगदालची नाहीतर तेलेमार्कची बोली, आणि पत्रात मात्र पाद्र्याच्या पुस्तकातली डॅनिश वळणाची भाषा. पहिला परिच्छेद इतका ठरीव का, त्याचं हेही कारण. आपण ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ लिहायचो तसं ते. त्या वळणाच्या भाषेत रडायला शब्दच कमी होते.

आणि दोन-चार वर्षांत पत्रांत इंग्रजी शब्द घुसतात. फार्म, फेन्स, क्रीकचं क्रिक. नॉर्वेजियनमध्ये ‘बार्न’ म्हणजे मूल. आणि इकडे हे लोक गोठ्याला-कोठाराला इंग्रजी ‘बार्न’ म्हणायला लागले.

मु_पो_लांजा

म्हणजे पोराने कौतुकाने लिहायचं की यंदा मोठं बार्न बांधलं, लाल रंग दिला, वर पत्रे घातले. आणि आजी तिकडे देवाला हात जोडणार 😄

ठिपक्यांची_रांगोळी

😂😂 आमच्या दादरच्या मावशीला भावाने लिहिलं होतं, ‘यार्डात पानं गोळा करतोय’. तिला वाटलं रेल्वेत लागला.

सह्यकडा

बरं, माझा मुद्दा थोडा मागे घेतो, कारण काल रात्री शोधत बसलो आणि ओले रुनिंग सापडला. पाद्र्याचा मुलगा, स्नोसा गावचा. १८३७ मध्ये शिकागोच्या दक्षिणेला बीव्हर क्रीकला वसाहत केली. उन्हाळ्यात कोरडी दिसलेली जमीन वसंतात पाण्याखाली गेली, दलदल, आणि मलेरियाने माणसं पटापट मेली. त्या हिवाळ्यात त्याचे पाय थंडीने गारठून जखमी झाले होते आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्याने घरच्यांसाठी छोटं पुस्तक लिहिलं. तेरा प्रश्न घेतले आणि एकेकाचं उत्तर दिलं, जमीन कशी, मजुरी किती, भाषा, कायदे, आजार, कोणी यावं आणि कोणी येऊ नये हेसुद्धा. आन्स्टेन नातेस्ताद नावाच्या माणसाने हस्तलिखित नॉर्वेला नेलं, १८३८ ला छापलं. त्याच वर्षी शरद ऋतूत रुनिंग स्वतः तिथेच वारला.

आजूबाजूला माणसं मरतायत आणि हा नीट तोलून लिहितोय, ना भडक ना गोड. याला जाहिरात म्हणणं माझ्या जिवावर आलं.

जुनी_पत्रावळ

@सह्यकडा, मनापासून धन्यवाद, रुनिंगचं मी लिहिणारच होते.

त्याला जोडून मस्किगो. विस्कॉन्सिनमधली वस्ती, तिथेही हिवताप आणि पटकी, घरोघरी मयतं. तिकडे नॉर्वेच्या वर्तमानपत्रांत अमेरिकेची बदनामी चाललेली. तेव्हा ६ जानेवारी १८४५ ला वस्तीतल्या ८० पुरुषांनी सह्या करून जाहीर पत्र लिहिलं आणि ते ख्रिस्तियानियाच्या (म्हणजे आजच्या ओस्लोच्या) ‘मोर्गनब्लाडेट’ वर्तमानपत्रात छापून आलं. त्यात आजार, हाल काही नाकारलेलं नाही. म्हणणं एवढंच की आम्ही श्रीमंत व्हायला आलो नाही, इथे मोकळं जगता येतं, आमच्या पोराबाळांना पोटापुरतं मिळेल, आणि आम्हाला पस्तावा नाही.

मी हे कॉलेजात शिकवते तेव्हा मुलं विचारतात, ८० जणांत एकालाही पस्तावा नसेल का? असेल की. पण सही करताना शेजारी बसलेला माणूस बघत असतो.

उंबराचं_झाड

बायकांच्या सह्या नाहीत त्यात. मस्किगोत मयतं पुरणारे हात पुरुषांचे असतील पण रात्र रात्र जागणारे?

म्हणून मला एलिझ वेरेन्स्कोल्ड आवडते, टेक्सासवाली. १८४७ ला गेली. त्याआधी नॉर्वेत नवऱ्यापासून वेगळी झालेली, आणि तो नवरा म्हणजे पुढे व्हेल शिकारीत प्रचंड श्रीमंत झालेला स्वेन फॉइन! हिने ‘नॉर्वे आणि अमेरिका’ नावाचं मासिकही चालवलं. टेक्सासची नालस्ती करणारा एका फ्रेंच माणसाचा मजकूर नॉर्वेच्या पेपरात आला तेव्हा हिने १८५२ मध्ये लांबलचक उत्तर लिहून मुद्दा मुद्दा खोडला. तिचं गुलामगिरीविरुद्धचं मतही ठाम होतं.

आणि मग पुढची चाळीस वर्षं वाचत जा. दुसऱ्या नवऱ्याचा १८६६ मध्ये खून झाला. म्हातारपणी बागेचं बी विकून आणि मासिकांचे वर्गणीदार गोळा करून ती पोट भरत होती. मैत्रिणींना पुस्तकं पाठवा, बातमी कळवा असं लिहित राहिली. १८५२ चं पत्र पेपरसाठी आहे, नंतरची मैत्रिणींसाठी. दोन्ही तिचीच आणि दोन्ही खरी, माझ्या मते.

कंदील

इतके प्रतिसाद झाले आणि ही ‘फुकट’ जमीन आधी कुणाची होती हे कुणीच विचारलं नाही. मिनेसोटात ती डाकोटा लोकांची होती. १८५१ च्या करारांत घेतली, बदल्यात दरवर्षी पैसे आणि धान्य द्यायचं ठरलं. १८६२ च्या उन्हाळ्यात ते वेळेवर पोचलं नाही, माणसं उपाशी मरायला लागली आणि ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. २६ डिसेंबर १८६२ ला मॅनकेटोला ३८ डाकोटांना एकाच वेळी फाशी दिलं. बाकीच्यांना राज्याबाहेर हाकललं. होमस्टेड कायदा त्याच वर्षीच्या मे महिन्यातला. पत्रांत हे कितीसं येतं? न लिहिलेल्यावर धागा आहे तर हे सगळ्यात मोठं न लिहिलेलं.

उंबराचं_झाड

कंदील, बरोबर आहे, आणि मी इतकी वर्षं त्याच राज्यात राहते, मूळ धाग्यात यायला हवं होतं ते. मॅनकेटो आमच्यापासून दीड तासावर आहे. जिथे फाशी दिली तिथे आता छोटं बाग आहे, नावं कोरलीत. मी थांबून सगळी वाचली, एकही नीट उच्चारता आलं नाही.

त्याच युद्धातली गुरी एन्द्रेसन. आजच्या विलमर गावाजवळ घर. नवरा आणि एक मुलगा डोळ्यांदेखत मारले गेले, दुसरा मुलगा जखमी, दोन मुलींना पकडून नेलं, त्या नंतर सुटून आल्या. ही धाकटीला घेऊन तळघरात लपली. तिने नॉर्वेतल्या आईला हे कधी लिहिलं माहितीये? डिसेंबर १८६६ मध्ये. चार वर्षांनी. बैल, गाई, मेंढ्या किती आहेत तेही त्याच पत्रात आहे.

आणि आता हे बघा. लपून बाहेर पडल्यावर तिने जवळच्या एका घरातल्या दोन जखमी पुरुषांच्या जखमा बांधल्या, त्यांना गाडीत घातलं आणि दूरच्या वस्तीपर्यंत सुखरूप पोचवलं. विलमरजवळ त्यासाठी तिचं स्मारक आहे. आईला लिहिलेल्या पत्रात त्याबद्दल अक्षर नाही.

ठिपक्यांची_रांगोळी

हे वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

आपण धरून चाललोय की माणूस दुःख लपवतो. ती तर स्वतःचं मोठेपणच लिहायला विसरली.

टपालपेटी

विसरली नसेल. आईला सांगताना कोण गेलं, कोण उरलं हे सांगायचं असतं.

जुनी_पत्रावळ

थोडं आपल्याकडे वळते. नॉर्वेहून सगळ्यात जास्त माणसं गेली ते साल १८८२, जवळपास २९ हजार. त्याच्या पुढच्याच वर्षी, जून १८८३ मध्ये, न्यूयॉर्कच्या बंदरात आपली आनंदीबाई जोशी उतरली. त्या उन्हाळ्यात त्या धक्क्यावर किती भाषा ऐकू येत असतील आणि त्यात मराठी बोलायला कुणी नाही. तिचीही पत्रंच आपल्याकडे उरली. थंडी, नऊवारी नेसण्याचा प्रश्न, जेवण, फिलाडेल्फियातली कोंदट खोली. आणि गोपाळरावांच्या कठोर पत्रांना तिने दिलेली उत्तरं. ती मात्र लिहायची हो, लागलेलं लागलं म्हणून लिहायची. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेली तेव्हा वय पुरतं २२ सुद्धा नव्हतं.

सह्यकडा

फोटोंबद्दल पण लिहा कुणीतरी. १८७० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये आन्द्रेयास डाल म्हणून फोटोग्राफर फिरायचा. स्वतः नॉर्वेचाच. त्याच्या फोटोंत अख्खं कुटुंब घराबाहेर, अंगणात टेबल, पांढरा टेबलक्लॉथ, झुलती खुर्ची, बाजाची पेटी, घरातलं असेल नसेल ते बाहेर मांडलेलं आणि सगळे गंभीर चेहऱ्याने बसलेले. आत काय आहे ते आईला दिसावं म्हणून आतलं बाहेर आणलं असेल असं मला वाटतं. पहिल्या प्रतिसादात मी जाहिरात म्हणालो होतो. हे फोटो बघून शब्द सुचत नाही दुसरा, पण तो चुकीचा आहे एवढं कळलं.

गव्हाची_ओंबी

आमच्याकडे नवीन ट्रॅक्टर आला की असाच फोटो, सगळं खानदान, म्हातारी ड्रायव्हरच्या सीटवर. हप्ते फोटोत येत नाहीत.

उंबरताई, आईला सांगितलं का मग?

उंबराचं_झाड

नाही अजून. दोन रविवार गेले. ग्रोची पत्रं परत वाचतेय, ती गरोदरपण, कर्ज, नाकतोडे सगळं लिहायची आणि तरी आईवडिलांना धीरही द्यायची. तेवढं मला जमत नाहीये. माझी आई रात्री झोपणार नाही आणि तिथे तिला उठून पाणी द्यायला कुणी नाही.

मु_पो_लांजा

उशिरा लिहितोय, गावी गेलो होतो. हा धागा डोक्यात होता म्हणून आजीची पत्र्याची पेटी उघडली.

आजोबा लालबागला गिरणीत होते. दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि फॉर्मखालच्या चिठ्ठीवर दोन ओळी. आजीला वाचता येत नव्हतं तरी सगळ्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून ठेवल्यात, तारखेप्रमाणे. बहुतेकांवर एकच मजकूर, ‘तब्येत बरी आहे. काळजी नसावी. मुलांना शाळेत पाठवणे.’ साठ, ऐंशी, शंभर रुपये.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. फेब्रुवारीची चिठ्ठी आहे, ऐंशी रुपये. मार्चची आहे, चाळीस. एप्रिलची नाही. मेची आहे, पंधरा रुपये, आणि अक्षर आजोबांचंच. ‘तब्येत बरी आहे. काळजी नसावी. मुलांना शाळेत पाठवणे.’

आजीला विचारलं की तुला कळलं होतं का. म्हणाली, पंधरा रुपये मोजायला वाचता यावं लागतं होय? तिने त्याच आठवड्यात गावच्या माणसाबरोबर तांदूळ आणि कुळथाचं पीठ वर पाठवून दिलं होतं, चिठ्ठीशिवाय.